होजवरून फिरवलेला हात

जुना ट्रॅक्टर फक्त वर उचलू शकतो, खाली दाबू शकत नाही. एवढं एक वाक्य गिऱ्हाइकांना समजावून सांगण्यात माझी निम्मी हयात गेली.

ट्रॅक्टरच्या पोटात तेल असतं. तेच तेल गिअर भिजवतं आणि तेच पंपाने दाबून मागच्या लिफ्टला जातं. लिफ्टचे दोन दांडे वर येतात, त्यांना अडकवलेला नांगर वर येतो. खाली जायला त्याला तेल लागत नाही, तो आपल्या वजनानेच खाली बसतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरला एवढंच येत होतं. मग लोकांना उलटणारी ट्रॉली हवी झाली. मग पुढे माती ढकलणारा पाटा हवा झाला. नव्या ट्रॅक्टरला मागे तयार तोंडं असतात, त्यात होजचं, म्हणजे तेलाच्या रबरी नळीचं, टोक सारलं की टक्क करून बसतं. जुन्याला तसलं काही नसतं. त्याच्या पोटातून तेल कुठून बाहेर काढायचं, मध्ये व्हॉल्व्ह कुठे बसवायचा, काम करून आलेलं तेल कुठल्या भोकातून परत आत सोडायचं, हे कळणारा माणूस लागतो. देवरूखच्या पंचक्रोशीत तो माणूस मी होतो. वसंत मिस्त्री म्हटलं की लोक रस्ता दाखवायचे.

आता ते दुकान बंद आहे. जुने ट्रॅक्टर भंगारात गेले, नव्यांना माझी गरज नाही. या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या, धंद्यातल्या गमतीजमती लिहून द्या म्हणाल्या. गमती पुष्कळ आहेत. दोन सांगतो, मग जे सांगायचं आहे ते सांगतो.

एका वाडीत ट्रॅक्टर तीन आणि उलटणारी ट्रॉली एकच. ज्याला लागेल तो जोडून न्यायचा. त्यातल्या एकाच्या ट्रॅक्टरमध्ये पावसाळ्यात पाणी शिरलं आणि तेल दुधाच्या चहासारखं झालं. त्याने तसंच चालवलं. ट्रॉलीचा जॅक वर जाताना ट्रॅक्टरमधलं तेल ओढून घेतो आणि खाली येताना परत देतो, पण सगळं परत देत नाही, थोडं जॅकमध्ये राहतं. तो चहा असा पहिल्या ट्रॅक्टरमधून ट्रॉलीत आणि ट्रॉलीतून उरलेल्या दोघांत गेला. महिनाभरात तिघांच्याही लिफ्टा बसल्या. तिघे एकत्र माझ्याकडे आले. तिन्ही जोडण्या माझ्याच होत्या, तेव्हा दोष माझाच, असं त्यांचं एकमत झालेलं होतं. मी तिघांच्या तेलाच्या बाटल्या भरून शेजारी शेजारी ठेवल्या आणि दाखवलं. त्यांनी बघितलं आणि मग आपसात भांडायला लागले. माझी माफी मागायची कोणाला आठवण झाली नाही.

दुसरा एक चिरेखाणवाला. ट्रॉलीत दीडपट चिरे भरायचा आणि जॅक उचलत नाही म्हणून ओरडायचा. व्हॉल्व्हला एक स्क्रू असतो. दाब ठरावीक हद्दीपलीकडे गेला की तिथून तेल मागे वळतं, म्हणजे काही फुटत नाही. तो स्क्रू आवळून दे म्हणाला. मी नाही म्हटलं. त्याने चारचौघांत म्हटलं, की वसंत मिस्त्रीला जमत नसेल तर सरळ सांग, मी संगमेश्वरला जातो. जमत नसेल, हा शब्द मला लागला. मी स्क्रू आवळला. तिसऱ्या महिन्यात पंपाला तडा गेला आणि माझं काम कच्चं, असं तो प्रत्येक टपरीवर सांगत फिरला. त्यात कोणाला इजा झाली नाही म्हणून ही गमत.

आता तिसरी गोष्ट. ती कळायला आधी इस्माईलभाईंचं सांगायला हवं.

स्वतःचं दुकान टाकण्याआधी मी खेडला एका गॅरेजात होतो. तिथे इस्माईलभाई यायचे. दाभोळकडचे गृहस्थ, बोटीवर इंजिनरूममध्ये आयुष्य काढून घरी परतलेले. बागेसाठी जुना ट्रॅक्टर घेतला होता. त्यांच्या ट्रॅक्टरचा प्रत्येक होज पुसलेला, प्रत्येक टोकाला रंगीत फीत. एकदा त्यांच्या ट्रॅक्टरचं तेल कमी होत होतं, गळती सापडत नव्हती. इंजिन चालू ठेवून मी होजवरून हात फिरवायला लागलो तसा त्यांनी माझा दंड धरून मागे ओढला. सरळ गाडीपाशी गेले, बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणला आणि तो होजच्या कडेने सरकवत नेला. एका जागी पुठ्ठ्यावर तेलाची बारीक रेघ उमटली. हाताला जाणवलीही नसती अशी.

मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. दाबाखाली असलेलं तेल केसाएवढ्या भोकातून निघालं तर ते डॉक्टरच्या सुईसारखं कातडीच्या आत जातं. बाहेर नुसता ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं. तेल आत बोटाच्या शिरांमधून पसरत जातं आणि मांस मरायला लागतं. ताबडतोब बोट उघडून धुऊन काढलं तरच वाचतं. त्यांच्या बोटीवर एकाने तो ठिपका दोन दिवस अंगावर काढला. त्याचा अंगठा गेला.

मी काही दिवस पुठ्ठा वापरला. पुढे देवरूखला दुकान टाकलं तेव्हाही वापरत होतो. पण लोक हसायचे. मिस्त्री ट्रॅक्टरला वारा घालतायत, म्हणायचे. नवं दुकान, नवा माणूस, त्यात हातात बिस्किटाचा पुठ्ठा. मी तो सोडून दिला. उघडा हात फिरवायला लागलो, आणि वर्षानुवर्षं मला काहीसुद्धा झालं नाही. इस्माईलभाईंचं बोलणं बोटीवरच्या मोठ्या यंत्रांबद्दल असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

सुनंदा मोहिते पहिल्यांदा दुकानात आली ती स्वतः ट्रॅक्टर चालवत. देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराला लागून असलेल्या एका गावातल्या बौद्धवाडीतली. नवरा प्रकाश मुंबईला एका शाळेत शिपाई, ती आणि दोन मुली गावी. वाडीतल्या आठ-नऊ जणींनी बचतगटातून घाटावरचा एक जुना ट्रॅक्टर आणला होता. शेणखत, चिरे, माती, जे मिळेल ते वाहायचं असा बेत. चालवायला ही एकटी शिकली होती. समोरच्या टपरीवर चहा पिणारे कप खाली ठेवून बघत राहिले. तिने ट्रॅक्टर मागे घेऊन एका दमात शेडमध्ये लावला आणि उलटणारी ट्रॉली जोडून हवी म्हणाली.

इतर गिऱ्हाइकं ट्रॅक्टर सोडून बाजारात जायची. ही स्टूल घेऊन बसली. हा पाईप कुठून येतो, हा कुठे जातो, हा व्हॉल्व्ह बंद केला तर तेल कुठे जाईल, एकामागून एक विचारत होती. मुलीची जुनी वही आणली होती, तिच्यात चित्र काढत होती. दुसऱ्या वर्षी पुढचा पाटा बसवायला आली तेव्हा त्याला दोन पाईप का लागतात ते मी सांगायच्या आत तिनेच सांगितलं. ट्रॉली आपल्या वजनाने खाली येते, पाट्याला माती दाबायची असते, म्हणजे तेल दोन्ही बाजूंनी लागणार. इतक्या वर्षांत एकाही पुरुषाने मला हे बोलून दाखवलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. खरं तर बरं वाटणं हीच गडबड झाली.

पाटा बसवून झाला. इंजिन चालू केलं, लिव्हर ओढला, होज दगडासारखे ताठ झाले. मी बाह्या वर केल्या आणि उघडा हात होजवरून फिरवला. कपलरपासून, म्हणजे होज जोडायच्या तोंडापासून, जॅकपर्यंत, डोळे मिटून. एका जोडाशी थांबलो आणि म्हटलं, इथे ओल आहे. होतीच. पाना लावून आवळलं. ती बघत होती. मग तिने पदर खोचला आणि तिनेही तसाच हात फिरवला.

मी म्हटलं, "बरोबर. हाताला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, ताई."

तिने ते वहीत लिहून घेतलं.

त्यानंतर दीडेक वर्षाने, पावसाच्या आधी, डोंगरावरून आलेली माती त्यांच्या वाडीच्या रस्त्यावर बसली होती. सुनंदा पाट्याने ती ढकलत होती. दुपारी दोननंतर तिचा फोन आला. पाटा वर राहत नाही, हळूहळू खाली येतो, म्हणून तिने होज तपासला. पुढच्या चाकाजवळ, जिथे मी रबर गुंडाळलं होतं तिथलं रबर निघून गेलं होतं आणि होज लोखंडाला घासला होता. तिथे ओल सापडली.

"पण भाऊ, बोटाला काहीतरी टोचलं," ती म्हणाली. "होजच्या आतली तार उसवली असेल काय? नुसता ठिपका हाय, रक्तपण नाय."

मला इस्माईलभाई आठवले. लगेच आठवले. त्यांनी धरलेला दंड, पुठ्ठ्यावरची रेघ, सगळं. तिला त्याच क्षणी सांगायला हवं होतं, की ट्रॅक्टर आहे तिथे सोड, गाडी कर आणि मोठ्या दवाखान्यात जा, बोटात तेल गेलंय म्हणून सांग. पण पुढचा विचारही लगेच आला. ती विचारेल, तुम्हाला कसं माहीत? आणि माहीत होतं तर मला हात फिरवायला का शिकवलंत? त्याच्या पाठोपाठ आणखी एक विचार आला, की ट्रॅक्टरचा दाब तो काय, बोटीची गोष्ट वेगळी. समोर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरची लिफ्ट उघडी पडली होती, माझे हात तेलाने भरले होते, फोन खांद्यात धरला होता.

मी म्हटलं, तार असेल. साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. होज बदलायला उद्या येतो.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता पोचलो तेव्हा ती पडवीत बसली होती. उजवा हात मनगटापर्यंत सुजलेला, पहिलं बोट पांढरंफटक, त्याला जाणीव नाही. आदल्या संध्याकाळी जवळच्या डॉक्टरने इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या होत्या. त्याचा दोष नाही, त्याला कोणी तेलाचं सांगितलंच नव्हतं. मी होजला हातही लावला नाही. गाडी केली, रत्नागिरीला नेलं. तिथून त्यांनी लगेच कोल्हापूरला पाठवलं. प्रकाश मुंबईहून परस्पर कोल्हापूरला आला. तो माझ्यावर रागावला नाही. उलट तेल कुठलं ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा म्हणून मला आत घेऊन गेला.

डॉक्टर तरुण होते. तेल कुठलं, दाब किती, किती तास झाले, सगळं विचारून घेतलं. काल दुपारी दोन, म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. काल संध्याकाळपर्यंत आणलं असतंत तर बोटं बहुतेक वाचली असती, म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, की तुमच्या धंद्यात हा धोका माहीत नसतो का?

प्रकाश शेजारी उभा होता. मी म्हटलं, "आमच्याकडे असं कधी ऐकलं नव्हतं."

तिची दोन बोटं गेली, पहिलं आणि मधलं, तळव्याच्या थोड्या भागासकट. तीन वेळा ऑपरेशन झालं.

गावात आणि दुकानासमोर जे बोलायचं ते लोक बोलले. बाईमाणसाने नको तिथे हात घातला की असंच होणार, असं टपरीवर म्हणाले आणि माझ्याकडे बघून, होय की नाही मिस्त्री, असं विचारलंसुद्धा. हात घालायला तिला मी शिकवलं, हे मी बोललो नाही. पाना घेऊन वाकलो आणि काम करत राहिलो.

तीन महिन्यांनी मी तिला भेटायला गेलो. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. मुलीने चहा आणला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सुनंदाने सरळ विचारलं.

"भाऊ, असं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही," मी म्हटलं.

ती मान हलवून म्हणाली, "माझं पण तेच म्हणणं. ठाऊक असतं तर तुम्ही सांगितलंच असतंत."

मी चहा संपवला आणि निघालो. डॉक्टरसमोर खोटं बोललो ते घाबरून. तिच्यासमोर बोललो तेव्हा घाबरलो नव्हतो. प्रकाशने कोल्हापुरात जे ऐकलं होतं त्याच्याशी जुळवून घेतलं, बस.

ती पुन्हा ट्रॅक्टरवर बसली. लिव्हर उजवीकडे असतो, तिला उजव्या हाताने तो ओढता येईना. तिने दुसऱ्या एका फिटरकडून लिव्हर डावीकडे बसवून घेतला. माझ्याकडे का आली नाही ते मी विचारलं नाही, आणि आली नाही म्हणून मला सुटल्यासारखंही वाटलं. त्या दिवसापासून मात्र मी पुठ्ठा वापरायला लागलो. आता कोणी हसलं नाही. सगळ्यांना तिचा हात माहीत होता.

पुढची चार वर्षं अशीच गेली. दुकान बंद करायच्या सुमाराला एक जण जुने कपलर न्यायला आला. त्याच्या बायकोच्या गटाने ट्रॅक्टर घेतला होता, आणि सुनंदाबाई त्यांच्या वाडीत येऊन शिकवून गेल्या होत्या. होज कसा तपासायचा, पुठ्ठा कसा धरायचा, आपला हात सगळ्यांना दाखवून सांगतात, म्हणाला. आणि सांगतात, की ज्याने जोडणी केली तो मेकॅनिक चांगला होता, पण त्या बिचाऱ्यालाही माहीत नव्हतं. त्याला वाटलं मला ऐकून बरं वाटेल. मी कपलर बांधून दिले आणि पैसे मोजून घेतले.

त्यानंतर सात-आठ महिने मी काही केलं नाही. यंदा पावसाळा सरत आला तेव्हा एक दिवस एसटीने तिच्या गावाला गेलो. ती अंगणात ट्रॅक्टरचं तेल बदलत होती. डाव्या हातात पाना, उजव्याच्या उरलेल्या बोटांनी बोल्ट धरलेला. मी उभ्या उभ्याच सांगितलं. खेडचं, इस्माईलभाईंचं, पुठ्ठ्याचं. फोन आला तेव्हा आठवलं होतं, तेही सांगितलं.

तिने हातातला बोल्ट पूर्ण आवळला. पाना पुसून ठेवला. मग म्हणाली, "हे आता मला कशाला सांगताय? तुमचं हलकं व्हावं म्हणून?"

तिने तेलाचा डबा बाजूला सरकवला.

"मी ह्या बायकांना सांगते, की मेकॅनिकला पण ठाऊक नव्हतं, म्हणून आपण शिकून घ्यायचं. आता काय सांगू त्यांना?"

खरं सांगा, मी म्हटलं.

ती म्हणाली, "मी नाय सांगणार. तुमच्या तोंडाने सांगा. आज चार वाजता विहारात गट बसतोय."

चार वाजता विहाराच्या पडवीत वाडीतल्या आणि आसपासच्या वीसेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. वसंत मिस्त्रींना काही सांगायचंय, एवढंच सुनंदा म्हणाली आणि मागे जाऊन बसली. मी उभा राहून सगळं सांगितलं. किती वेळ लागला आठवत नाही. कोणी शिव्या दिल्या नाहीत. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, की ठाऊक होतं तर मग सांगितलं का नाही?

लोक हसायचे म्हणून, मी म्हटलं. ते शब्द माझ्या कानांनाच इतके छोटे वाटले, की मी आणखी काहीतरी कारण सापडतंय का ते शोधायला लागलो. सापडलं नाही.

मग त्या सगळ्या उठून ट्रॅक्टरपाशी गेल्या. नवा होज बसवायचा होता, तो एकेकीने हात लावून बसवला. मी पायरीवर बसलो होतो. कोणी मला बोलावलं नाही आणि मीही उठलो नाही. एका मुलीने चहा आणून दिला.

परत निघालो तेव्हा सुनंदा रस्त्यापर्यंत आली. एसटीला वेळ होता. ती म्हणाली, "इतके दिवस मी नाव घेत नव्हते, नुसतं मेकॅनिक म्हणायची. आता घेणार."

"घ्या," मी म्हटलं.

गाडी आली. ती वळून वर वाडीकडे गेली.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी संपादकबाईंना फोन करून लेख देतो म्हणून कळवलं. हे सगळं मी पश्चात्तापाने लिहिलं, असं कोणी म्हणेल. पश्चात्ताप आहे. पण गावोगावच्या बायकांकडून लोकांना कळण्याआधी आपणच लिहून टाकलेलं बरं, हा विचार मनात नव्हता, असं मी म्हणणार नाही. खोटं दोनदा बोलून झालंय.